आईचं कुमसार

अण्णा फादर झाल्यापासून आई त्याला अहो-जाहो करायला लागली, आणि मला ते काही केल्या पचेना. पोटच्या पोराला कुणी "फादर, बसा, पंखा लावू काय?" म्हणतं? मी फिदीफिदी हसायला लागले की ती पदराआडून डोळे वटारायची. अण्णा बिचारा अवघडून खुर्चीच्या टोकावर बसायचा. महिन्यातून एका रविवारी त्याला घरी यायची परवानगी असे. कोरमंगल्याला त्याच्या धर्मसंघाचं मोठं घर होतं. तिथे सगळे फादर एकत्र राहत, एकत्र जेवत, खिशात स्वतःचं म्हणून काही बाळगत नसत, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत ज्यानं त्यानं परत पोचायचं असा कडक नियम होता. म्हणजे हा दोन बस बदलून बनशंकरीला येणार, जेवणार, आणि ताटावरून उठला रे उठला की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागणार. आईचंही निम्मं लक्ष त्या घड्याळात. तो गेल्यावर ती त्याचं ताट उचलताना म्हणायची, "पाहुण्यासारखा आला नि पाहुण्यासारखा गेला माझा पेद्रू." पीटरचं पेद्रू तिनंच केलं होतं, आणि त्या नावानं हाक मारणारी जगात तीच एकटी. तो झगा घालून आला त्या दिवसापासून तिनं ते नाव त्याच्या तोंडावर कधी घेतलं नाही.

आम्ही मूळचे खानापूरकडचे. मराठी बोलणारे ख्रिस्ती म्हटलं की बेंगळुरात लोक अजूनही चमकतात. परवाच आमच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेली पुण्याची एक मुलगी मला म्हणाली, "काकू, तुम्ही ख्रिश्चन? पण तुमचं मराठी किती प्युअर आहे!" प्युअर कसलं डोंबलाचं! निम्मं कन्नड असतं त्यात, तिला कळलं नाही एवढंच. बाबांना इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही इकडे आलो आणि शारदम्मांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. पहाटे देवळाच्या भोंग्यावरच्या सुप्रभातानं जाग यायची, मग खाली शारदम्मांच्या रगड्याची घरघर सुरू व्हायची, मग कारखान्याच्या बसचा हॉर्न, आणि बाबा एक हात शर्टात घालतच जिना उतरायचे. शारदम्मा शुद्ध शाकाहारी. आई दारंखिडक्या लावून सुकट भाजायची, तरी तो वास जिन्यावरून सरळ त्यांच्या देवघरात. "एनम्मा लूसी, आज काय जाळलं तुझ्या आईनं?" असं त्या खालून ओरडायच्या, आणि मग स्वतःच हसायच्या. अण्णा यायच्या रविवारी मात्र त्या पायसाचं भांडं वर पाठवायच्या. "तुमचे स्वामिगळु आले ना," म्हणायच्या, "त्यांना स्वल्प गोड द्या." आणि आई करायची ते हुलग्याचं माडगं. गूळ आणि सुंठ घालून केलेलं ते दाट माडगं अण्णाला लहानपणापासून आवडायचं. त्याच्या संघाच्या घरी तसलं कोण करणार? तिथे सांबार आणि पावाचे तुकडे.

अण्णा माझ्याहून बराच मोठा. मला कळायला लागलं तेव्हा तो घरातलं सगळं उघडून बसायचा. रेडिओ उघड, शिलाईचं मशीन उघड, बाबांचं मनगटी घड्याळसुद्धा एकदा उघडलं आणि त्याबद्दल मार खाल्ला. बोटांची नखं कायम काळी. बाबांच्या कारखान्यात त्याला अप्रेंटिस म्हणून बोलावणं आलं तेव्हा बाबांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते, असं मला नंतर कळलं; मी तेव्हा अगदी लहान. पण तो कारखान्यात गेलाच नाही. त्या उन्हाळ्यात चर्चमधल्या पोरांना संघाचे फादर कसल्याशा शिबिराला घेऊन गेले, आणि अण्णा तिकडून आला तो "मी फादर होणार" म्हणतच. बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. आई काहीच बोलली नाही. मग कित्येक वर्षांचं शिक्षण, व्रतं आणि शेवटी गुरुदीक्षा.

त्याची पहिली मिस्सा, म्हणजे फादर वेदीपुढे करतो ती उपासना, आमच्याच चर्चमध्ये झाली. नव्या फादरनं पहिली मिस्सा आपल्या माणसांत म्हणायची, आईबापांना पुढच्या बाकावर बसवायचं, ही आमच्याकडची रीत. प्रवचनात अण्णा म्हणाला, "लोक मला विचारतात, तुला घरच्यांनी पाठवलं काय? नाही. माझ्या आईनं आजवर एका शब्दानं मला 'फादर हो' म्हटलेलं नाही. शिबिरात एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी एकटा झाडाखाली बसलो होतो. तिथे देवानं मला बोलावलं आणि मी माझ्या मनानं आलो." लोकांनी चर्चमध्ये असून टाळ्या वाजवल्या. बायका आईकडे वळून वळून बघायला लागल्या. काय भाग्याची बाई! आणि आईनं मान अशी खाली घातली होती की मला वाटलं आनंदानं रडते आहे. मी मागच्या बाकावरून तिला रुमाल दिला. तिचे डोळे कोरडे होते.

ते का, हे मला पुढे कळलं, आणि ते कळायला शारदम्मांची नात कारण झाली. पोरीला कसलंसं दुखणं झालं होतं, म्हणून शारदम्मांनी डोंगरावरच्या देवाला नवस बोलला होता. नवस फेडून ते सगळे परत आले ते पोरीचं डोकं तुळतुळीत करून. कमरेपर्यंत केस होते तिचे, मी जळायचे त्या केसांवर. मला इतकं वाईट वाटलं! शारदम्मा प्रसादाचा लाडू हातावर ठेवत म्हणाल्या, "अळबेड लूसी, रडू नको. केसच ते, परत येतात." आई तिथेच उभी होती. ती लाडू घेऊन वर आली आणि तो तसाच ओट्यावर ठेवून भाकरीचं पीठ मळायला बसली. मळता मळता मला म्हणाली, "त्यांचं बरं आहे. माझ्या नवसातलं काही परत येत नाही."

मग तिनं सांगितलं. अण्णा तीन वर्षांचा असताना गावात त्याला ताप भरला होता. वैद्य झाला, डॉक्टर झाला, पोर डोळे उघडेना. बाबा बाहेरगावी. आई त्याला पदरात गुंडाळून चर्चमध्ये गेली आणि मारियामातेच्या पुतळ्यापुढे जमिनीवर ठेवून म्हणाली, "हा वाचू दे. वाचला तर तो माझा नाही, तुझ्या लेकाचा. त्याला मी फादर करीन." पोर वाचलं. बाबांना तिनं हे सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं एकेक करून सगळं जुळवत आणलं. पहाटेच्या मिस्सेला अण्णाला सेवेला पाठवलं. सणासुदीला फादरांना जेवायला बोलावून अण्णाला त्यांच्या शेजारी बसवलं. आणि कारखान्याचं बोलावणं आलं त्याच आठवड्यात शिबिराला जाणाऱ्या पोरांत त्याचं नाव घालायला फादरांना हळूच जाऊन सांगितलं. "एका शब्दानं म्हटलं नाही मी त्याला," आई म्हणाली. "ते खरंच आहे. पण त्या झाडाखाली त्याला मीच नेऊन बसवला, लूसे. आणि तो भर चर्चमध्ये सगळ्यांना सांगतो, मी माझ्या मनानं आलो."

मी सोळा वर्षांची. मला काय कळतंय! मी म्हटलं, "मग सांगून टाक की त्याला. त्यात काय एवढं?" आई पिठाचे हात झटकून माझ्याकडे वळली. "रागावेल," म्हणाली. आणि मग, "रागावू दे. पण त्याला कळायला हवं. हे पोटात घेऊन मी मरायची नाही. तू मात्र तोंड उघडायचं नाहीस. मीच सांगणार." मी गळ्याची शपथ घेतली. ती शपथ मी फार नीट पाळली, त्याचं पुढे येईलच.

सांगणार म्हणाली खरी, पण कधी सांगणार? रविवारी अण्णा आला की बाबा असायचे, शेजारपाजारचे आशीर्वाद घ्यायला यायचे, कुणाच्या घराला पाणी शिंपडून हवं असायचं, कुणाच्या पोराला शाळेत प्रवेश. सगळे गेले की घड्याळ असायचं. आई दोनदा-तीनदा "फादर, जरा आत येता काय?" म्हणाली, तो स्वयंपाकघरात आला, आणि तिनं त्याच्या हातात लोणच्याची बरणी ठेवली. मी मागे उभी राहून दातओठ खायचे. बोल ना आई! पण समोर पांढरा झगा घालून उभा असलेला तो लोकांचा फादर, त्याला ती काय बोलणार? मला वाटतं, तिनं स्वतःच त्याला त्या अहो-जाहोत इतका उंच नेऊन बसवला होता की तिचाच हात त्याला पोचेना.

इथे कुमसाराचं थोडं सांगायला हवं. आमच्यात फादरपुढे गुडघे टेकून आपली पापं सांगायची, त्यानं ती ऐकून देवाच्या नावानं क्षमा द्यायची, त्याला आम्ही कुमसार म्हणतो. ईस्टरच्या आधी ते केलंच पाहिजे. आता आईला मराठीशिवाय धड काही येत नव्हतं. कन्नड होतं ते भाजीबाजारापुरतं. आमच्या चर्चमध्ये मिस्सा कन्नडात, तमिळमध्ये, इंग्रजीत. मराठी कळणारा फादर एकही नाही. त्यामुळे आईचं कुमसार वर्षानुवर्षं "सिट्टु बंतु, सुळ्ळु हेळिदे", म्हणजे राग आला, खोटं बोलले, एवढ्यावर आटपायचं. बाहेर येऊन मला म्हणायची, "पापंसुद्धा स्वल्प स्वल्पच सांगता येतात बघ इथे." अख्ख्या बेंगळुरात तिची भाषा कळणारा तिला ठाऊक असलेला फादर एकच, आणि तो तिचाच मुलगा. स्वतःच्या लेकाकडे कुमसाराला कुणी जात नाही. मनाई आहे असं नाही, पण जात नाहीत. लाज असते, संकोच असतो.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आमच्या चर्चमध्ये गर्दी फार म्हणून मदतीला बाहेरून फादर बोलावले, त्यांत अण्णा आला. दुपारची वेळ, उन्हानं चर्चचे पत्रे तडतडत होते. चार कोपऱ्यांत चार फादर खुर्ची टाकून बसले होते, शेजारी लाकडी जाळी, जाळीच्या अलीकडे गुडघे टेकायची फळी. आई आत शिरली आणि सरळ अण्णाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी तिच्या पदराची कड ओढली. "अगं आई, ही अण्णाची रांग!" ती म्हणाली, "दिसतं मला. आंधळी नाही झाले." मी म्हटलं, "घरी सांग की. घरी येणारच आहे तो आज जेवायला." तर म्हणाली, "घरी जमत नाही. इथे मान वर करून बघावं लागत नाही."

मी बाकावर बसून बघत होते. तिनं गुडघे टेकले, जाळीला तोंड लावलं. गळ्यात जांभळी पट्टी घातलेला अण्णा कान देऊन खाली बघत होता. सगळ्यांचं कुमसार चटकन होतं, आईचं काही संपेना. मागच्या रांगेतल्या बायका चुळबुळ करायला लागल्या. एकदा अण्णाचं डोकं झटक्यानं वर झालं आणि पुन्हा खाली गेलं. मग त्यानं क्षमेसाठी हात उचलला. तो हात तसाच थोडा वेळ वर राहिला, आणि मग त्यानं हवेत क्रूस काढला. आई उठून माझ्याजवळ आली. चेहरा असा मोकळा, जणू पोरगी झाली होती पुन्हा. "सांगितलं," म्हणाली. मी विचारलं, "काय म्हणाला तो?" "फादर म्हणतात तेच म्हणाले. देवानं क्षमा केली, शांतीनं जा." "बास? आणि?" "आणि काय! आता घरी येईल तेव्हा बोलेल की. रागावेल, ओरडेल, काय करायचं ते करेल."

चूक झाली ती इथे. अहो, कुमसारात ऐकलेलं फादर बाहेर कधीही बोलत नाही, मेला तरी बोलत नाही, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आईलाही होतं. पण ते इतरांचं, परक्यांचं, असं तिला वाटत होतं. आई-लेकरात कसला आलाय गुपिताचा शिक्का? तिच्या मते तिनं आपल्या मुलाला सांगितलं होतं. चर्चच्या मते तिनं ते देवाला सांगितलं होतं, आणि त्याचा कान मधे फक्त उसना घेतला होता.

अण्णा जेवायला आला. ताटात माडगं होतं, सुकटाची चटणी होती, आईनं केसांत शारदम्मांनी दिलेला गजरासुद्धा माळला होता. बाबा दुसऱ्या पाळीला गेलेले. घरात आम्ही तिघंच. आई समोर पाट टाकून बसली आणि वाट बघायला लागली. अण्णा खाली मान घालून जेवला. "फादर, अजून वाढू?" "वाढ." एवढंच बोलणं. त्यानं माडगं पुन्हा मागून घेतलं, मग पुन्हा. मला कळेना, हा गिळतोय का रडतोय. घड्याळाकडे बघून तो उठला, दारात चपला घातल्या, आणि मग एकदम मागे वळून आईपुढे वाकला. "आई, आशीर्वाद दे," म्हणाला. फादर लोकांना आशीर्वाद देतो, मागत नाही. आईनं गोंधळून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सावकाश जा हं फादर, उन्हाचं." तो जिना उतरून गेला. आता वाटतं, तेवढंच त्याच्या हातात होतं आणि तेवढं त्यानं केलं. पण आम्हाला दोघींना त्यातलं काही कळलं नाही.

त्यानंतर रविवार येत राहिले. आई दर वेळी वाट बघायची. आज बोलेल, आज बोलेल. तो यायचा, हसायचा, बाबांशी कारखान्याच्या गप्पा मारायचा. तिनं स्वतः एकदा विषय काढला असता, "पेद्रू, मी तुला ते सांगितलं ना, त्याचं काय?" असं नुसतं म्हटलं असतं, तर त्याला तिच्याशी बोलायची मुभा होती. हे मला आत्ता ठाऊक झालंय. तेव्हा ती त्याच्या बोलण्याची वाट बघत होती, आणि तो तिच्या. मी एकदा तिला म्हटलं, "तूच विचार ना." तर म्हणाली, "मी सांगायचं ते सांगितलं. आता त्याच्या मनात काय आहे ते त्यानं सांगायला नको? फादरनं क्षमा केली गं मला. माझा पेद्रू काहीच बोलला नाही."

एक मात्र झालं. झाडाखालच्या हाकेची गोष्ट अण्णा आधी उठल्यासुटल्या सांगायचा. ती त्यानं परत कुठल्याही प्रवचनात सांगितली नाही.

पुढे संघानं त्याला बोम्मसंद्र्याला पाठवलं. तिथे नवे कारखाने उभे राहत होते, आणि आमच्याच बाजूची, बेळगाव-विजापूरकडची माणसं पत्र्याच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहून पाळ्या करत होती. अण्णानं तिथे आयुष्य काढलं म्हणायला हरकत नाही. यंत्रात हात गेलेल्याला दवाखान्यात न्यायचं, मुकादमाशी भांडायचं, पोरांना संध्याकाळी शिकवायचं, कुणी मेलं तर प्रेत गावी पाठवायची सोय करायची. कोण ख्रिस्ती, कोण लिंगायत, कुणी विचारलं नाही. सगळे त्याला 'फादरण्णा' म्हणत. मी लग्नानंतर एकदा डबा घेऊन गेले तर हा झगा कमरेला खोचून कुणाच्या तरी लेथ मशीनखाली आडवा पडलेला, आणि नखं काळी. मला इतका आनंद झाला ती नखं बघून, आणि लगेच इतकं वाईट वाटलं की मी डबा ठेवून तोंड फिरवलं. वाटलं, हा इथेच आला असता की, झग्याशिवाय. स्वतःची बायको असती, पोरं असती, मला भाचरं असती कडेवर घ्यायला.

आणि एक सवय त्याला लागली होती. मी भेटले की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणायचा, "लूसी, मी लहानपणी फार आजारी होतो म्हणे. आई त्याबद्दल काही सांगायची काय तुला?" दर वेळी. कधी हसत विचारायचा, कधी उगाच चष्मा पुसत. आणि मी दर वेळी, "मी जन्मले तरी होते का तेव्हा? मला काय विचारतोस!" म्हणून उडवून लावायचे. मला वाटायचं, आता जुनं उकरून कशाला याला त्रास? शिवाय आईच्या गळ्याची शपथ होती.

आई गेली ती खालच्या खोलीत. जिना चढवेना म्हणून शारदम्मांनी त्यांची पुढची खोली दिली होती. मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल तिला अण्णानंच लावलं, प्रार्थना त्यानंच म्हटली. तो पाणी आणायला बाहेर गेला तेव्हा आईनं माझा हात धरला आणि विचारलं, "तो काही बोलला काय गं तुझ्याकडे?" मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "एकदा रागावला असता तरी चाललं असतं मला. रागावला असता म्हणजे पोटात काही राहिलं नाही असं कळलं असतं." या एका गोष्टीचं मला आजही इतकं वाईट वाटतं की लिहिताना हात थांबतो. तिनं सगळं आयुष्य देवाशी केलेला करार पाळला, आणि मरताना तिला लेकाचं एक रागाचं वाक्यसुद्धा मिळालं नाही.

हे सगळं असंच माझ्याबरोबर संपलं असतं. पण या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये मंगळुराकडचा एक तरुण फादर कुमसारावर बोलायला आला. चुणचुणीत पोरगा. शेवटी म्हणाला, काही शंका असतील तर विचारा. मी म्हातारी, मला कसली भीड! मी उभी राहून विचारलं, "फादर, कुमसारात ऐकलेली गोष्ट तुम्ही बोलत नाही. पण तीच गोष्ट तुम्हाला बाहेर कुणी आपणहून सांगितली तर?" तो म्हणाला, "मग ती बाहेर कळलेली गोष्ट झाली, आंटी. कुमसारात काय ऐकलं ते तरीही बोलायचं नाही. पण बाहेर जे सांगितलं त्यावर आम्ही हसू शकतो, रडू शकतो, भांडूसुद्धा शकतो. फक्त आपण होऊन विषय काढता येत नाही. समोरच्यानं सांगावं लागतं." मी खाली बसले. आई सांगायची काय तुला? आई सांगायची काय तुला? इतकी वर्षं माझ्यापुढे हात पसरून उभा होता हा माणूस, आणि मी त्याला थट्टेवारी नेऊन परत पाठवत होते.

दुसऱ्याच दिवशी मी माडगं करून डबा घेतला आणि कोरमंगल्याला गेले. संघाचं जुनं घर अजून आहे. आता त्यात म्हातारे फादर ठेवतात. भोवती सगळी खाण्यापिण्याची दुकानं, पीजी, दारात स्कूटरची दाटी. फाटकाच्या आत मात्र तोच आंबा, तोच बाक. अण्णा बाकावर बसला होता. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. त्यानं चार चमचे माडगं खाल्लं आणि चष्मा काढला. मी म्हटलं, आता हा विचारणार. विचारायच्या आधीच मी बोलायला लागले. ताप सांगितला, मारियामातेचा पुतळा सांगितला, नवस सांगितला. पहाटेची मिस्सा, फादरांची जेवणं, कारखान्याचं बोलावणं, शिबिरातलं नाव. सगळं, आई बोलली होती तसंच. तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकत होता. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही.

माझं झाल्यावर त्यानं विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. तू फादर झालास त्यानंतर. भाकरी करताना."

"स्वयंपाकघरात?"

"हो."

"स्वयंपाकघरात," तो पुन्हा म्हणाला. आणि मग शेजारची काठी उचलली. "आणि तू मला आत्ता सांगतेस? आत्ता? आता मी रागवायचं कुणावर?"

'मला ठाऊक होतं' असं तो तेव्हाही म्हणाला नाही. तो रागावला. शांत, हसरा म्हणून ज्याला सगळं बोम्मसंद्रा ओळखतं तो माझा अण्णा काठी जमिनीवर आपटून ओरडायला लागला, इतका की आतून एक ब्रदर धावत आला आणि मी त्याला हातानंच परत जायला सांगितलं. "विचारायचं होतंस मला! तीन वर्षांचा होतो तेव्हा नाही, पण नंतर? कारखान्याचं बोलावणं आलं तेव्हा माझ्यासमोर बसून एकदा तरी विचारायचं होतंस, जातोस काय म्हणून! मी गेलोही असतो. कुणास ठाऊक, गेलो असतो! पण मला विचारायचं होतंस! झाडाखाली मी देवाचा आवाज ऐकला म्हणून सगळ्या जगाला सांगत फिरलो, आणि तू पुढच्या बाकावर बसून ऐकत होतीस!"

पहिल्या मिस्सेला पुढच्या बाकावर आई बसली होती. मी नाही. कारखान्याचं बोलावणं आलं तेव्हा मी घरात रांगत नसले तरी तशीच लहान होते. पण मी मधे बोलले नाही. खाली मान घालून, हात मांडीवर ठेवून मी सगळं ऐकून घेतलं. त्याचा दम संपला, आवाज बसला, तो चष्मा शोधायला लागला, तेव्हा मी तो त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "चुकलं रे, पेद्रू."

त्या नावानं त्याला किती वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. आतले म्हातारे एकेक करून काठ्या टेकत गेले. अण्णा उठला नाही. डबा पुढे ओढून म्हणाला, "राहिलंय काय गं थोडं?"